म्युनिकच्या चिन्हावर नक्की कोण आहे? साधू की पोरगी?

भटकभवानी:
म्युनिकला येऊन दोन महिने झाले. ट्रामवर, मॅनहोलच्या झाकणावर, बघावं तिथं काळा झगा घातलेलं एक गोबरं ध्यान दिसतं, लाल बूट, एका हातात लाल पुस्तक, दुसरा हात वर. ऑफिसात एक म्हणतो साधू आहे, दुसरी म्हणते छे, मुलगी आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ:
बाळ येशू असणार. आशीर्वाद देतोय बघा.

जुनापुराणा:
येशूचा काही संबंध नाही हो. उत्तर गावाच्या नावातच आहे, म्युनिकचं जर्मन नाव म्युन्शन, म्हणजे मठातल्या साधूंपाशी वसलेलं. हे नाव पहिल्यांदा ११५८ च्या कागदात येतं आणि तो कागद म्हणजे चक्क भांडणाचा निवाडा आहे! इथल्या बव्हेरिया प्रांताचा ड्यूक हाइनरिश, त्याने शेजारच्या फ्राइजिंग गावच्या बिशपचा बाजार आणि टोलचा पूल बंद पाडून आपल्या हद्दीत इथं आणला, सगळा मिठाच्या व्यापाराचा पैसा, मग बादशहा बार्बारोसाने बाजार इथंच राहू दिला पण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला द्यायला लावला. १२३९ च्या शिक्क्यावर साधू आहेच. पुढं चित्रकार त्याला गोल चेहऱ्याचा, लहान काढत गेले आणि लोक 'किंडल' म्हणजे बाळ म्हणायला लागले.

चहाटळ:
हातात पुस्तक आणि नाव किंडल, भारीच 😂

रेघोट्या:
+१ जुनापुराणा. फक्त ते पुस्तक बायबल नाही. सरकारी वर्णनात शपथेचं पुस्तक म्हटलंय आणि वरचा हातही शपथेचाच. आत्ताचं चित्र १९५७ चं, त्यात अजूनही साधूच आहे. मुलगी आली ती लोकांकडून, ऑक्टोबरफेस्टच्या मिरवणुकीत काळा-पिवळा झगा घालून घोड्यावर पुढं असते ती तरुणी हेच किंडल. पोस्टकार्डांवर तर पुस्तक काढून बिअरचा मग आणि मुळा देतात हातात, बिचारा साधू!
मारियनप्लात्झ या मुख्य चौकातल्या टाउनहॉलच्या टोकावरही तोच उभा आहे. आणि रात्री ९ वाजता तिथल्या घड्याळात पहारेकरी येतो आणि एक देवदूत किंडलला आशीर्वाद देतो, ते बघितलंत का?

भटकभवानी:
त्या घड्याळातल्या बाहुल्यांचा सकाळी ११ चा नाच दोनदा बघितला गर्दीत चेंगरून, ९ चं कुणी सांगितलंच नाही. आज जातेच. आणि ऑफिसातल्या दोघांनाही बरोबर म्हणावं लागणार तर 🙄