थ्रीडी रेंडरिंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड: १६ जीबी मेमरी पुरेल की २४ च्या मागे लागू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देते. बहुतेक काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या सायकल्स या रेंडर इंजिनवर. घाई असली की डी५ रेंडर हे दुसरं सॉफ्टवेअर. सध्याचं कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. इतकी वर्षं त्याने भरपूर काम दिलं, पण आता कामं एका बंगल्याची राहिली नाहीत. रो-हाउसची अख्खी स्कीम, क्लब हाउस, स्विमिंग पूल, रस्त्याकडेची झाडं आणि लॉनचं गवत एकाच ड्रोन शॉटमध्ये दाखवायचं म्हटलं की व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) भरते. मग एकतर रेंडर बंद पडतं, नाहीतर कार्ड संगणकाच्या साध्या रॅमकडे हात पसरतं आणि एका फ्रेमचा वेळ वाढत जातो.

त्यात नव्या स्कीमा पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला नाहीतर दसऱ्याला जाहीर होतात, म्हणजे सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं. ब्रोशर छापायला जायच्या आदल्या दिवशी ‘बाहेरचा रंग जरा बदलून बघू’ असा फोन येतोच. ते त्यांचं चुकतं असंही नाही, घर विकायचंय त्यांना. पण मला सगळे फ्रेम पुन्हा काढावे लागतात.

कार्डासाठी बजेट सव्वा लाख, फारच पटलं तर दीड लाख. बाकी मशीन: रायझन ९ ५९००एक्स, बी५५० बोर्ड, ६४ जीबी रॅम, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. मशीन पूर्ण बदलायचं नाही.

मी केलेला विचार मांडते, चुकत असेल तिथे सांगा.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांच्या भारतातल्या सुरुवातीच्या किमती सांगितल्या, त्या अशा: ५०७० टीआय ८०,०००, ५०८० १,०७,०००, ५०९० २,१४,०००. दुकानात मॉडेल आणि महिन्याप्रमाणे आकडा हलतो, पण तुलनेसाठी हेच धरते. ५०७० टीआय आणि ५०८० या दोघांतही १६ जीबी. २७,००० जास्त देऊन ५०८० घेतलं तर कोअर ८,९६० ऐवजी १०,७५२ मिळतात आणि मेमरीचा वेग सेकंदाला ८९६ ऐवजी ९६० जीबी होतो. जागा मात्र तेवढीच राहते, आणि माझी अडचण जागेची आहे. ५०९० ला ३२ जीबी आहे, पण ते बजेटच्या पार बाहेर आणि एकटं ५७५ वॅट खातं.

२४ जीबी हवी तर उरतात जुनी कार्डं. ४०९० (ऑक्टोबर २०२२ चं, २४ जीबी, ४५० वॅट) सेकंडहँड मिळालं तर वेग आणि जागा दोन्ही. ३०९० (२०२० चं, २४ जीबी, ३५० वॅट) बरंच स्वस्त, पण वेग कमी. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स पण २४ जीबीचं आहे, ३५५ वॅट. पण सायकल्समध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स चालतं तितक्या वेगाने एएमडीचं हिप चालत नाही (कार्डावर रेंडर चालवायच्या दोघांच्या आपापल्या पद्धती), म्हणून ते मनातून उतरलंय. कोणी रोज वापरत असेल तर जरूर सांगा.

आता पैसे वसूल होण्याचा हिशोब. एक मिनिटाचा वॉकथ्रू, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १,५०० फ्रेम. ३०६० वर फ्रेमला ४ मिनिटं धरली तर १०० तास, चार दिवसांहून जास्त. ब्लेंडरच्या ओपन डेटा साइटवरचे वेगाचे आकडे पाहिले तर ५०७० टीआय साधारण तिप्पट वेगवान, ४०९० चौपटीच्या वर, ५०९० सहापटीच्या आसपास. म्हणजे तेच काम ५०७० टीआयवर ३३ तासांत, ५०९० वर १७ तासांत. ३३ तासांत झालं तर रंग बदलल्यावरही पुन्हा रेंडर करून वेळेत देता येतं, माझ्यासाठी खरी किंमत तिथे आहे. तिथून पुढे १६ तास वाचवायला १,३४,००० जास्त द्यावेत इतकं काम माझ्याकडे वर्षभर नसतं.

विजेचं मला आधी फार वाटायचं. पण ३०६० चं अख्खं मशीन ३०० वॅटने १०० तास चाललं तर ३० युनिट जातात आणि ५०७० टीआयचं ४५० वॅटने ३३ तास चाललं तर १५. मोठं कार्ड तासाला जास्त खातं, पण त्या कामाचं बिल निम्म्यावर येतं. तेव्हा वीज हा मुद्दा मी बाजूला ठेवलाय.

प्रश्न एवढेच:

१. स्कीमच्या कामाला १६ जीबी खरंच पुरेल का? की वर्षभरात पुन्हा तिथेच अडकेन?
२. सेकंडहँड ४०९० किंवा ३०९० घ्यायचं धाडस करावं का? पारखायचं कसं?
३. पॉवर सप्लाय, यूपीएस, उष्णता. एप्रिल-मेमध्ये इथे चाळिशी गाठते आणि रेंडर रात्रंदिवस चालू असतं.

गेमिंग अजिबात नाही, त्यामुळे एफपीएसचे आकडे देऊ नका, प्लीज.

प्रतिसाद १

ताई, कार्ड निवडायच्या आधी तुमचा सगळ्यात जड सीन खरोखर किती जागा घेतो ते मोजा. त्या आकड्याशिवाय १६ की २४ हे कोणालाच सांगता येणार नाही. १२ जीबीच्या कार्डावर सीन मावत नसेल तर एक फ्रेम कमी सॅम्पल ठेवून सीपीयूवर (प्रोसेसरवर) रेंडर करा. रेंडर विंडोत वरच्या पट्टीवर मेमरीचा ‘पीक’ आकडा दिसतो. कार्डावर तो थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज पक्का येतो.

मग त्या आकड्यात काय काय आहे ते बघा. ४०९६ बाय ४०९६ चं एक साधं ८ बिटचं रंगीत टेक्स्चर (वस्तूवर चढवलेलं चित्र) कार्डावर ६४ एमबी घेतं. डिस्कवर जेपीजी पाच एमबीची दिसते, पण कार्डावर ती पूर्ण उलगडून जाते. झाड, दगड, पेव्हर ब्लॉक, गाडी, प्रत्येकाची तीन-तीन टेक्स्चर धरली तर शंभर सहज होतात, म्हणजे ६ जीबीच्या वर. ड्रोन शॉटमध्ये जी गोष्ट पडद्यावर बोटभर दिसते तिला २०४८ चं टेक्स्चर दिलं तर जागा एक चतुर्थांश लागते आणि डोळ्याला फरक कळत नाही. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चर लिमिट आहे, एका क्लिकवर करून बघता येतं. आकाशासाठी ८के एचडीआरआय (आकाश आणि उजेड देणारं मोठं चित्र) लावत असाल तर तो एकटा अर्धा जीबी खातो.

झाडं शिफ्ट डीने कॉपी झाली असतील तर प्रत्येक झाडाची जाळी (मेश, म्हणजे आकाराची माहिती) वेगळी साठते. ऑल्ट डी किंवा कलेक्शन इन्स्टन्स वापरलं की एकदाच. जिओमेट्री नोड्समध्ये कुठे ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ (प्रत्येक नक्कल वेगळी साठवणारा नोड) राहिलंय का तेही बघा. तयार अ‍ॅड-ऑनच्या सेटअपमध्ये ते कित्येकदा लपलेलं असतं आणि गवत लावलं की मेमरी फुगते.

अजून एक, ३०६० विकू नका. दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून मॉनिटर त्याला जोडा, म्हणजे विंडोज आणि व्ह्यूपोर्टची (ब्लेंडरमध्ये काम करतो त्या खिडकीची) जागा त्यावर जाईल आणि नवं कार्ड रेंडरसाठी मोकळं राहील. फक्त सायकल्सच्या सेटिंगमध्ये दोन्हींवर टिक करू नका. सीन प्रत्येक कार्डावर वेगळा भरला जातो, त्यामुळे १२ जीबीची मर्यादा पुन्हा गळ्यात पडते.

प्रतिसाद २

तिप्पट वेगाचा हिशोब थोडा सावरून घ्या. प्रत्येक फ्रेमच्या आधी सीन तयार करून कार्डावर चढवायचं काम प्रोसेसर करतो, तो वेळ नव्या कार्डाने कमी होत नाही. चार मिनिटांतला अर्धा मिनिट त्यात जात असेल तर फ्रेम साधारण एक मिनिट चाळीस सेकंदांच्या खाली येणार नाही. ‘पर्सिस्टंट डेटा’ चालू केला तर न बदलणारी गोष्ट पुन्हा चढवावी लागत नाही, वॉकथ्रूला फार उपयोगी. पण त्याला मेमरी जास्त लागते, म्हणजे जागेचा प्रश्न तिथेही आलाच.

सेकंडहँडबद्दल. मी पुण्यात पोस्ट-प्रॉडक्शनचं काम करतो, ३०९० वापरलंय. त्यात मेमरीच्या अर्ध्या चिप कार्डाच्या पाठीमागच्या बाजूला असतात आणि त्या खूप तापतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, त्याआधी त्या कामाला रात्रंदिवस जुंपलेली बरीच कार्डं नंतर बाजारात आली. घ्यायचंच तर विक्रेत्यासमोर किमान अर्धा तास ब्लेंडर चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान बघा. शंभर अंशांच्या पुढे चढत राहिलं तर चिपवरचे थर्मल पॅड बदलायला आलेत. ४०९० चं वेगळंच. गाभ्याची चिप आणि मेमरी काढून घेतलेली रिकामी कार्डं विकल्याच्या घटना घडल्यात. बाहेरून काही कळत नाही. चालू मशीनवर पाहिल्याशिवाय, कुरिअरने, कोणाच्याही भरवशावर घेऊ नका. बिल आणि उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर लागू होते का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

नवं घेतलंत तरी पहिल्या दिवशी जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून आरओपीचा (चिपमधल्या पिक्सेल काढणाऱ्या युनिटचा) आकडा बघा. ५०७० टीआयला ९६, ५०८० ला ११२ हवेत. ५० मालिकेच्या सुरुवातीच्या काही कार्डांत आठ कमी निघाले होते आणि एनव्हिडियाने ते मान्य केलं होतं.

प्रतिसाद ३

नागपूरकर आहे, उन्हाळ्याचं मी सांगतो. कार्डाने घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीतच येतो. ३०० वॅटचं कार्ड बारा तास चाललं की बंद खोलीत पंखा फक्त गरम हवा फिरवतो. एसीचा खर्चही कार्डाच्याच खात्यात धरा. कार्डाची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून बघा, रेंडरचा वेग थोडाच कमी होतो, पण तापमान आणि पंख्यांचा आवाज चांगलाच उतरतो.

६५० वॅटचा सप्लाय बदला. एनव्हिडियाची शिफारस ५०७० टीआयला ७५०, ५०८० ला ८५० वॅटची आहे. सोबत ३०६० ठेवणार असाल तर ८५० च घ्या, त्यातही कार्डाला लागणारी १२व्ही-२x६ पॉवर केबल थेट येणारा. ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी तुम्ही वाचल्या असतील. प्लग पूर्ण आत बसवायचा, कडेला फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून तीन-चार सेंटीमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवायची. यूपीएस घरगुती ६०० व्हीएचा असेल तर लोडखाली लाइट जाताच तो ट्रिप होईल. प्युअर साइन वेव्ह, निदान १५०० व्हीए. आणि वॉकथ्रू थेट व्हिडिओ फाइलमध्ये न काढता फ्रेम-फ्रेम वेगळे सेव्ह करा. लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू.

बी५५० बोर्डाची चिंता नको. त्याच्या पीसीआयई ४ स्लॉटवर ही कार्डं व्यवस्थित चालतात.

प्रतिसाद ४

तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे का? नियमित योजनेत असाल आणि कार्ड व्यवसायासाठी घेत असाल तर बिलातला १८ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून (तुम्ही भरायच्या करातून वजा होऊन) मिळतो. १,१८,००० च्या बिलात १८,००० कराचे, म्हणजे कार्ड तुम्हाला एक लाखाला पडलं. बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. खासगी माणसाकडून घेतलेल्या सेकंडहँड कार्डावर हे काही मिळत नाही, तेव्हा दोन्हींची तुलना करताना नव्याच्या किमतीतून कर वजा करूनच करा. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट नाही. सीएला एकदा विचारा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या नेमक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती.

पहिल्या प्रतिसादातलं सगळं करून पाहिलं. सगळ्यात जड स्कीमचा पीक सुरुवातीला १९ जीबीच्या पुढे होता. गवताच्या सेटअपमध्ये रिअलाइझ इन्स्टन्सेस खरंच होतं. ते काढलं, लांबच्या झाडांची आणि गाड्यांची टेक्स्चर २०४८ वर आणली, एचडीआरआय ४के केला. आता पीक साडेतेराच्या आसपास आहे. दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून क्लायंटच्या आर्किटेक्टला दाखवल्या, त्यांना फरक दिसला नाही. १२ मध्ये अजून मावत नाही, पण १६ मध्ये मावतं आणि मॉनिटर ३०६० वर गेला की पर्सिस्टंट डेटालाही थोडी जागा उरेल.

जीएसटी रजिस्ट्रेशन आहे, नियमित योजनेत. त्यामुळे सेकंडहँड ४०९० चा विचार सोडला. नवं ५०७० टीआय, बिल आणि वॉरंटीसह. ५०८० साठी जे जास्त गेले असते त्यात ८५० वॅटचा सप्लाय आणि यूपीएसचा बराचसा भाग निघतो. पॉवर लिमिट ८० टक्के ठेवूनच सुरुवात करीन, आणि पहिल्या वॉकथ्रूनंतर फ्रेमचे खरे वेळ इथेच टाकीन.

आता एकच अडलंय. माझ्या बोर्डावर दुसरा लांब स्लॉट पहिल्यापासून तीन स्लॉट खाली आहे. वर ५०७० टीआयचं तीन स्लॉट जाडीचं मॉडेल बसवलं तर त्याचे पंखे ३०६० च्या पाठीला जवळजवळ चिकटतील. अडीच स्लॉटचं मॉडेल शोधावं, की ३०६० रायझर केबलवर (कार्ड स्लॉटपासून दूर लावता येतं ती केबल) उभं लावावं? कॅबिनेट साधं मिड-टॉवर आहे, पुढे जाळी, १२० मिमीचे तीन पंखे. अशी दोन कार्डं लावलेला कोणी असेल तर आतला फोटो टाकाल का?