तांबडा-पांढरा क्लासमध्ये शिकता येतो का?

पंचगंगाकाठ
मे महिन्यात आठवडाभर कोल्हापुरात होतो. नोकरीमुळे गाव सुटून वीस वर्षं झाली. सोबत नागपूरचा मित्र होता. त्याला तांबडा-पांढरा, म्हणजे आपले मटणाचे दोन रस्से, 'शिकून' जायचं होतं, म्हणून एका क्लासला दोघांनी नाव घातलं. तीन तास, माणशी दीड हजार. नाव सांगत नाही, कारण शिकवणाऱ्या बाई बोलायला गोड आणि हाताने सढळ होत्या.

पण गेलो तर ओट्यावर सगळं मांडून ठेवलेलं. वाटण तयार, मटण शिजवून तयार, आणि कांदा-लसूण चटणी डब्यातून दोन चमचे. आम्ही फोडणी दिली आणि डाव फिरवला. मित्र खूश, फोटो निघाले.

अहो, चटणी म्हणजेच अर्धा तांबडा रस्सा! रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी किंवा लवंगी. मिरच्या उन्हात कडकडीत व्हायला हव्यात. कांदा ओल संपेपर्यंत तळायचा, नाहीतर पावसाळ्यात बरणीला बुरशी ठरलेली. सुकं खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, भरपूर लसूण, आणि मग डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायची. हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं रस्सा ढवळला, शिकला नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राला डंकावरच उभं केलं. अर्धा तास नुसता शिंकत होता, पण कुठली मिरची कशासाठी हे त्याला आता झोपेतही सांगता येईल. मग कपिलतीर्थ मंडई, संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध. माझं मत स्पष्ट आहे: क्लासचे पैसे वाचवा, डंक आणि मंडई बघा, आणि ओळख काढून एखाद्या रस्सा मंडळात घुसा.

चुलीपुढची
"ओळख काढून रस्सा मंडळात घुसा" हे लिहिताना वाचणाऱ्यांत बायकाही असतील हे डोक्यात होतं का? बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, रस्सा मंडळ म्हणजे मित्रांनी वर्गणी काढायची, शेतात नाहीतर नदीकाठी पातेलं चढवायचं आणि पुरुषांनीच रांधून पुरुषांनीच जेवायचं. मला तिथे कोण घेणार?

मी रत्नागिरीची. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला चौदा वर्षं झाली. सासूबाईंना काहीही विचारलं की उत्तर एकच, "अंदाजानं घाल." अंदाज यायला आधी कुणीतरी माप सांगावं लागतं ना? माझा पांढरा रस्सा नऊ वर्षं फुटत होता आणि घरात सगळ्यांचं एकच मत, हिच्या हाताला गुण नाही. शेवटी गुपचूप एका क्लासला गेले. त्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, नारळाचं दूध शेवटी घालायचं, आच मंद ठेवायची आणि नंतर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. एवढं एक वाक्य! नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे दीड हजार काय, तीन हजारही दिले असते.

खासबागेचा गडी
वहिनी, मुद्दा मान्य. पण आमच्या मंडळात भांडीबी आम्हीच घासतो, ते पण सांगा लोकांना.

बाकी पंचगंगाकाठ भावाचं बरोबर हाय. क्लासात चार माणसांचा रस्सा गॅसवर होतो. चाळीस माणसांचं पातेलं लाकडावर चढलं की खरी परीक्षा. जाळ कवा ओढायचा, कवा पुढं सारायचा, हे कागदावर लिहून मिळत नाही. आमच्यातला म्हातारा रश्शाच्या वासावरनं मीठ सांगतो. खोटं वाटंल, पण सांगतो.

आणि क्लासवाले मिसळीबरोबर पाव देत्यात असं ऐकलंय. कोल्हापुरात येऊन मिसळ खायची तर ब्रेडच्या स्लाइससंगं. एवढं तरी पाळा.

तिखटमीठ
अस्सल अस्सल म्हणून जी मिरची मिरवताय ती येते कुठून? ब्याडगी हावेरी जिल्ह्यात, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. दोन्ही कर्नाटकात. आणि मिरची मुळात अमेरिका खंडातली, आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. त्याआधी इथले लोक तिखटाला मिरी वापरत होते. म्हणजे तुमच्या पांढऱ्या रश्शातली मिरी तांबड्यातल्या मिरचीपेक्षा जुनी. परंपरेचा झेंडा थोडा खाली घ्या.

जाता जाता एक. धारेचं दूध तसंच पिऊ नका. म्हैस दिसायला धडधाकट असली तरी कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होऊ शकतो, क्षयाचे जंतूही येऊ शकतात. घरी न्या, उकळा, मग प्या.

खासबागेचा गडी
आमचं आजोबा ऐंशी वर्षं कट्ट्यावर उभं राहून पीत हुतं.

तिखटमीठ
ज्यांना बाधलं ते ऐंशीपर्यंत पोचले नाहीत, म्हणून त्यांची नातवंडं इथे लिहायला नाहीत.

वाटणवाली
मी घरी असेच वर्ग घेते, सहा वर्षं झाली. पंचगंगाकाठ माझ्याकडे आले होते की नाही माहीत नाही. आले असले तरी उत्तर हेच.

तीन तासांत काय बसतं याचा हिशोब करा. मटण शिजायलाच तास-सव्वा तास जातो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण सकाळी अंबाबाई, दुपारी जोतिबा आणि रात्रीची गाडी अशा बेतात येतात. मटण आधी शिजवून ठेवलं नाही तर ती माणसं उपाशीच स्टेशनवर जातील. आणि वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. ऑगस्टमध्ये ओलेत्या छत्र्या घेऊन आलेल्यांना मी मिरच्या कुठल्या उन्हात वाळवून दाखवू?

पण एक टोचलं ते खरं आहे. चटणी डब्यातून काढताना मी मिरच्या वेगवेगळ्या दाखवत नाही. मूठभर ब्याडगी आणि मूठभर संकेश्वरी ओट्यावर ठेवायला काही जड नाही. ते करीन. डंक बघायला मात्र तुम्हीच न्या. लोकांची शिंकाशिंकी सांभाळायचे पैसे मी घेत नाही.

पंचगंगाकाठ
चुलीपुढची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या आईनं मला सगळं फुकट शिकवलं, आणि "क्लास कशाला" हे मी त्याच जोरावर बोलतोय. बायकोला तिनं तेवढ्या मायेनं शिकवलं का, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. तेवढ्यापुरता गप्प बसतो.

तिखटमीठ, मिरची कुणी का आणेना. पोर्तुगीजांनी डंक आणला नव्हता.

वाटणवाली, मे महिना होता! गच्चीगच्चीवर मिरच्या वाळत होत्या. ऑगस्टची सबब ऑगस्टला ठेवा. आणि अजून एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती, आता लिहितोच. आमच्या क्लासमध्ये मटण शिजवताना हळद घातली होती. पांढऱ्याच्या मटणाला! अळणी पाणीच, म्हणजे मटण शिजवलेलं पाणीच, पिवळं निघालं तर पांढरा रस्सा पांढरा कसा होणार?

चुलीपुढची
आमच्या घरी पण चिमूटभर घालतात. मटणाचा वास जातो.

पंचगंगाकाठ
वासाला आलं-लसूण आहे की. मग तीळ, खसखस, काजू इतकं गुळगुळीत वाटायचं कशाला, जर शेवटी रंग आमटीसारखाच येणार असेल?

वाटणवाली
चिमूटभर हळद चार वाट्या नारळाच्या दुधात दिसतसुद्धा नाही. लपते.

खासबागेचा गडी
लपते म्हंजी हाय. आमच्यात हळद घालणाऱ्याला पातेल्याजवळ उभं करत नाहीत.

तिखटमीठ
ज्या पातेल्याजवळ बायकांनाही उभं करत नाहीत, तेच ना?

खासबागेचा गडी
बरं. दिवाळीनंतरच्या रविवारी आमचं जेवान हाय, नदीपलीकडं, मळ्यात. चुलीपुढच्या वहिनींनी यावं, वाटणवाल्या ताईंनी बी यावं. वर्गणी सगळ्यांना सारखीच. दोन पातेली लावू, एक हळदीचं, एक बिगरहळदीचं. वाटण मात्र दोन्हींचं घरनं करून आणा, मळ्यात मिक्सर नाही.

चुलीपुढची
म्हणजे बोलावलंत आणि वाटणाचं काम आमच्याच गळ्यात.

खासबागेचा गडी
…पाटा-वरवंटा हाय. मी वाटतो.

वाटणवाली
खसखस रात्री भिजत घाला, नाहीतर पाट्यावर नीट वाटली जाणार नाही. आणि हळद मी माझी आणीन.