सिगारेटची विक्री आणि कॅन्सरचे मृत्युदर: ४४ ओळींच्या तक्त्यावर किती विसंबायचं?

माटुंगा_एमएस्सी
सांख्यिकीच्या प्रोजेक्टसाठी कॅन्सर-संशोधक फ्राउमेनी यांच्या १९६८च्या लेखातला अमेरिकेचा तक्ता घेतलाय. त्यात १९६०ची ४३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी आहेत. प्रत्येकासमोर दरडोई सिगारेट विक्री आणि मूत्राशय, फुप्फुस, मूत्रपिंड व रक्ताच्या कॅन्सरचे लाखामागे मृत्यू दिलेत. विक्रीशी त्यांचे सहसंबंध (१ म्हणजे दोन्ही तंतोतंत सोबत वाढतात, ० म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही) अनुक्रमे ०.७०, ०.७०, ०.४९ आणि उणे ०.०७ आले.

नेवाडा आणि डीसी आलेखात उजवीकडे एकटेच पडलेत, ते काढून टाकू का? ०.७०च्या जोरावर ‘सिगारेटमुळे कॅन्सर होतो’ असं लिहिता येईल? शेवटचं प्रकरण मुंबईवर हवंय. वॉर्डनिहाय सिगारेट विक्री आणि मृत्युदर घेऊन हेच गणित मांडलं तर चालेल?

आकडेमोड
आधी एकक तपासा, निम्मे लोक तिथेच चुकतात. विक्रीचा रकाना शेकड्यात आहे. युटाचे १४.०० म्हणजे वर्षाला माणशी १,४०० सिगारेटी आणि नेवाडाचे ४२.४० म्हणजे ४,२४०. फुप्फुसाच्या रेषेचा उतार साधारण ०.५३ येईल. त्याचं वाचन असं: ज्या राज्यात माणशी १०० सिगारेटी जास्त विकल्या गेल्या, तिथे फुप्फुसाच्या कॅन्सरचा दर लाखामागे सरासरी अर्ध्या मृत्यूने जास्त.

नेवाडा आणि डीसी थेट उडवू नका. हे विक्रीचे आकडे आहेत, ओढण्याचे नाहीत. नेवाडात पर्यटक सिगारेटी विकत घेतात. डीसीत पर्यटकांसोबत शेजारच्या राज्यांतून रोज कामाला येणारेही घेतात. भागाकार मात्र तिथल्या रहिवाशांच्या संख्येने होतो, त्यामुळे दरडोई आकडा फुगतो. फुप्फुसाच्या आलेखात दोघांची वागणूक वेगळी आहे हे बघा: डीसी (४०.४६, २७.२७) जवळजवळ रेषेवरच बसतं, तर नेवाडा (४२.४०, २३.०३) रेषेच्या बरंच खाली जातं. म्हणजे एकटं नेवाडा उतार आडवा करतंय. गणित तीनदा करा: सगळे ४४ घेऊन, नेवाडा वगळून, दोघांना वगळून. तिन्ही उतार शेजारी शेजारी छापा आणि वगळण्याचं कारण लिहा. ‘बिंदू लांब होता’ हे कारण नव्हे. मूत्रपिंडाच्या आलेखात अलास्काही तपासा, ते बरंच वर आहे.

रक्ताच्या कॅन्सरचा रकाना निरुपयोगी समजून गाळू नका, मला तर तो फार मोलाचा वाटतो. सिगारेट जास्त विकणाऱ्या राज्यांत केवळ निदान चांगलं होतं किंवा नोंदणी पक्की होती एवढंच कारण असतं, तर हा दरही वर गेला असता. तो गेला नाही. (रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकाराशी, तीव्र मायलॉइडशी, धूम्रपानाचा संबंध आहे, पण सगळे प्रकार एकत्र मोजले की तो बुडून जातो.)

परळ_नोंदणी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’, आणि ते प्रोजेक्टमध्ये ठळकपणे यायला हवं. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक राज्य. मेलेला माणूस सिगारेट ओढत होता की नाही, हे त्यात कुठेच नाही. शिवाय विक्री आणि मृत्यू दोन्ही १९६०चे, आणि फुप्फुसाचा कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. राज्यांचा आपापसातला क्रम आधीपासून साधारण तसाच असेल, तरच हा सहसंबंध अर्थ देतो. शहरीकरणाचा प्रश्न वेगळाच: शहरी राज्यांत सिगारेटीही जास्त आणि हवाही खराब.

कार्यकारण ठरलं ते माणसांमागे वर्षानुवर्षं गेलेल्या अभ्यासांतून. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचे मृत्यू नोंदवत राहिले. रोजच्या सिगारेटी वाढल्या तसा फुप्फुसाच्या कॅन्सरचा दर वाढला, सोडणाऱ्यांचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी राहिला. हे राज्यांच्या तक्त्यातून कधीच दिसणार नाही.

अशा अभ्यासातली एक हमखास चूक: ‘सोडलेले’ आणि ‘कधीच न ओढणारे’ एकाच गटात टाकणं. अनेक जण खोकल्यातून रक्त पडल्यावर सिगारेट सोडतात. ते ‘न ओढणाऱ्यां’त गेले की त्या गटाचा दर चढतो आणि धोका कमी भासतो. तीन गट ठेवा आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतले मृत्यू वगळूनही एकदा गणित करा.

माटुंगा_एमएस्सी
दोघांचे आभार. मग मुंबईचं काय करू?

परळ_नोंदणी
वॉर्डनिहाय विक्रीचा नाद सोडा. ए वॉर्डात चर्चगेट-फोर्टला दिवसा लाखो लोक उतरतात आणि टपरीवर सुटी सिगारेट घेतात. त्या विक्रीला तिथल्या रहिवाशांनी भागलं, तर प्रत्येक वॉर्डात एक डीसी तयार होईल.

दुसरं, इथे नुसती सिगारेट मोजून भागत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि ओढणारे ३.८ टक्के. सिगारेट, विडी, मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांचे रकाने वेगळे ठेवा, आणि फुप्फुसासोबत तोंडाचा कॅन्सर घ्याच. शहराचा स्वतःचा मोठा अभ्यासही आहे. प्रकाश गुप्ता यांच्या गटाने नव्वदच्या दशकात मतदारयाद्यांवरून घरोघरी जाऊन पस्तिशीपुढच्या १,४८,१७३ मुंबईकरांची नोंद केली. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत एकूण मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ पट, विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट निघाला. विडी सौम्य असते ही समजूत इथेच खोटी ठरते. तुमचं प्रकरण या आकड्यांवर उभं करा.

कॅन्सरच्या नोंदींसाठी १९६३ पासून चालू असलेली मुंबईची लोकसंख्याधारित नोंदणी (शहरातल्या सगळ्या रहिवाशांचे कॅन्सर नोंदवणारी) वापरा, कुठल्याही रुग्णालयाची यादी नको. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. मृत्यू कुठे झाला यावरून मोजलं तर सगळा भार मुंबईच्या माथी बसतो. पत्ता नेहमीच्या राहण्याचा हवा.

आकडेमोड
त्यात भर: दर वयानुसार प्रमाणित केल्याशिवाय दोन दशकांची तुलना करू नका. पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडा, प्रत्येकाचा लाखामागे दर काढा, जागतिक प्रमाण लोकसंख्येतल्या (तुलनेसाठी ठरवलेल्या वयरचनेतल्या) त्या गटाच्या वजनाने गुणा, बेरजेला एकूण वजनाने भागा. पुरुष-स्त्रिया वेगळे. छेदासाठी, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं तिच्यासाठी, २०११ नंतरची जनगणना नाही, म्हणून पुढच्या वर्षांना अंदाजित लोकसंख्या लागेल. कोणता अंदाज घेतला ते तक्त्याखाली लिहा. मृत्यूच्या दाखल्यांवर ‘हृदय-श्वसन बंद पडणे’ एवढंच असेल, तर ते मूळ कारण नाही. असे दाखले किती टक्के आहेत ते आधी मोजा. आणि दुसऱ्या अवयवातून फुप्फुसात पसरलेला कॅन्सर सी३४ या कोडखाली (फुप्फुसातच सुरू झालेल्या कॅन्सरचा आंतरराष्ट्रीय कोड) घुसलेला नाही ना, हेही पाहा.