विषय: आई-बाबांना घेऊन नारा, शनिवारी

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पुण्याहून जपानला आलेत. मुक्काम क्योतोला आहे. सकाळी डोंगरावरचं फुशिमी इनारी देवस्थान उरकून दुपारी जवळचं नारा शहर, असं जमेल का? बाबांचे गुडघे दुखतात, आईला मासळीचा वासही चालत नाही.

---

अरे, गुडघे दुखतात म्हणतोस आणि फुशिमीच्या पायऱ्या चढवतोस? नारा एकटंच धर, दिवस पुरत नाही. किन्तेत्सु रेल्वेने जा, तिचं स्टेशन हरणांच्या उद्यानाच्या जवळ पडतं. जेआर या दुसऱ्या रेल्वेने गेलास तर बाबांना किलोमीटरभर जास्त चालायला लागेल.

तोदाइजी या बौद्ध मंदिराच्या नान्दाइमोन दरवाजात थांबा. लोक हरणांचे फोटो काढत तिथून तसेच पुढे जातात. दोन्ही बाजूंचे लाकडी द्वारपाल आठ मीटरहून उंच आहेत, उन्केई-काइकेई या शिल्पकार मंडळींनी १२०३ मध्ये घडवलेले. पायांच्या शिरा बघ.

आत गेल्यावर बाबांना सांग, ७५२ साली इथल्या महाबुद्धाचे डोळे उघडले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूने. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन करतात, तसंच. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे पुण्याईत सगळ्यांचा वाटा. तो कुंचला आणि निळी रेशमी दोरी तोदाइजीच्या जुन्या कोठाराच्या, शोसोइनच्या ठेव्यात अजून आहे. मूर्तीची मात्र बरीच डागडुजी झालीय, आणि आत्ताचं लाकडी मंदिर १७०९ चं, मूळच्यापेक्षा अरुंद. तरी मान वर करूनच बघावं लागतं.

नंतर तोदाइजीच्याच उंचावरच्या निगात्सुदो मंदिराच्या सज्जात जा. तिकीट नाही, आणि सगळं शहर खाली दिसतं.

---

काकांचं बाकी सगळं मान्य, पण निगात्सुदोलाही चढ आहे हो! बाबांना वाटेत बसवत न्या. कासुगा ताइशा या शिंतो देवळाचे कंदील सुरेख आहेत, पण या खेपेला सोडा.

आईंना साडी नको, हरणं पदर ओढतात. हातातला नकाशाही खातात. हरणांना घालायचे सेम्बेई (पातळ बिस्किटं) संपले की दोन्ही तळवे उघडे करून दाखवायचे, मग पाठ सोडतात. बहुतेक वेळा.

जेवणाचं कठीण आहे. उदोन म्हणजे जाड शेवया, त्यांच्या रश्शात बहुतेक माशाचं दाशी (सार) असतं. पानात गुंडाळलेली भाताची काकिनोहाझुशी दिसायला अगदी सात्त्विक, आत मासा. सरळ दशम्या आणि चटणी बांधून घ्या. वर योमोगी या पाल्याचे मोची (तांदळाचे गोड गोळे) खा.

---

काका, वहिनी, खूप आभार. फुशिमी रद्द. दशम्या आईच करतेय. ती विचारतेय, हरणांना एखादी घातली तर चालेल का?

---

अजिबात नाही! फक्त सेम्बेई.