संख्या नको, तीव्रता बघा

काही जण विचारतात की हवामानबदलाने चक्रीवादळांची संख्याच वाढत नसेल, तर छोट्या बेटांना धोका वाढला कसा? अहो, आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा, २०२१ चा अहवालही एकूण संख्या वाढेल असं म्हणत नाही. त्यातल्या अतितीव्र वादळांचं प्रमाण वाढेल म्हणतो. त्यात समुद्राची पातळी आधीच वर, म्हणजे तेवढ्याच वाऱ्याला पाणी जास्त आत घुसणार.

खरी गोम नोंदींची आहे. उपग्रहांआधीच्या नोंदी तुटपुंज्या, आणि एवढ्याशा बेटावर थेट आदळलेली वादळं मोजकीच. म्हणून संगणकावर हजारो वर्षांची कृत्रिम वादळं चालवून अंदाज बांधतात. ते ठीकच, पण नुकसानीचा हिशेब त्याहून अवघड. २०१७ च्या 'मारिया' चक्रीवादळात डॉमिनिका या कॅरिबियनमधल्या चिमुकल्या बेट-देशाचं नुकसान वर्षाच्या जीडीपीच्या २२६ टक्के होतं!

आपल्याकडे २०२० चं 'निसर्ग' मुंबईला चुकवून श्रीवर्धनकडे गेलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पण कौलं-पत्रे, विजेचे खांब, माणसं घाट उतरून तरी येऊ शकली. डॉमिनिकाला असा मागचा मुलूख कुठला? शिवाय सुपारी नव्याने लावली तरी पीक यायला पाच-सात वर्षं जातात. पडझडीच्या पंचनाम्यात ही वर्षं नीट धरली जात नाहीत, असं माझं मत.