आरोग्यसेवेतल्या 'रेशनिंग'ला मराठीत काय म्हणावं?

सार्वजनिक आरोग्यावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. खाटा, डायलिसिस, अवयव अपुरे असताना कोणाला द्यायचे हे ठरवण्याला त्यात 'रेशनिंग' म्हटलंय. 'शिधावाटप' लिहिलं तर गहू-तांदूळच आठवतील. 'कपात' चालेल?

—

कपात म्हणजे होतं त्यातलं कमी करणं, ते वेगळं. 'प्राधान्यक्रम' घ्या. कोविड लसीच्या वेळी रुळलाय.

—

'प्राधान्यक्रम' अर्धंच सांगतो. आधी कोण ते कळतं, कोणाला मिळणारच नाही ते झाकलं जातं. मला तर 'शिधावाटप'मधला 'वाटप' मोलाचा वाटतो. तिथे माणशी किती किलो, ते जाहीर असतं.

आरोग्यात असं उघड वाटप थोडंच. अवयवांचं आहे: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विभागीय केंद्रं यादी ठेवतात, मूत्रपिंडासाठी डायलिसिसवर काढलेला काळ धरला जातो. तिथे 'प्रतीक्षायादी' लिहा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना, १० टक्के दुर्बल घटकांना; तिथे 'राखीव'.

एरवी मात्र वाटप न बोलता होतं. 'खाट नाही.' 'औषध बाहेरून आणा.' 'सोनोग्राफीला पुढच्या महिन्यातली तारीख.' नियम कोणी केला, कुठे लिहिलाय, विचारायची सोय नाही. पैसे असणारा बाहेरून आणतो, नसणारा घरी परततो. याला प्राधान्यक्रम म्हटलं तर कोणीतरी विचार करून क्रम लावला असं वाटेल, आणि ते रुग्णांवर अन्याय करणारं आहे. 'अघोषित वाटप' म्हणा.

—

पटलं. आणि लेखात ज्या न्याय्य वाटपाची मागणी आहे, ते 'समान वाटप' का?

—

'समन्यायी वाटप'. शब्द पाण्याच्या चळवळीतला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर जायकवाडीच्या वादात वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. दर तालुक्याला एकेक डायलिसिस यंत्र दिलं की वाटप समान झालं. पण आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर जावं लागणारे रुग्ण एका तालुक्यात जास्त असतील, दुसऱ्यात गावापासून रुग्णालयापर्यंत एसटीच धड नसेल, तर हे धरून केलेलं वाटप ते समन्यायी.

—

अपघात विभागातल्या 'ट्रायेज'लाही वाटपच म्हणू?

—

नको. तिथे उपचार सगळ्यांवरच करायचे असतात, ज्याचा जीव धोक्यात त्याला आधी घेतात इतकंच. वरचा 'प्राधान्यक्रम' इथे चपखल बसतो.