आधी ल्योतार वाचा

उत्तर-आधुनिकता म्हणजे 'खरं काहीच नसतं', असं काही जण म्हणतात; ते मला मुळीच पटत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारचं 'द पोस्टमॉडर्न कंडिशन' हे १९७९चं छोटंसं पुस्तक मुळातून वाचा. कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेला तो ज्ञानाच्या स्थितीवरचा अहवाल आहे. प्रगती, मुक्ती अशा महाकथनांवरचा, म्हणजे सगळ्याला एकच अर्थ लावणाऱ्या मोठ्या कथांवरचा विश्वास उडालाय, हे त्याचं म्हणणं. आमच्या यवतमाळकडे हे लवकर उमगतं. २००२ला बीटी कापूस (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला) आला, बोंडअळीची कटकट मिटली म्हणून सगळे खूश. २०१७ला हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी. अळी खरी, नुकसानही खरं. तडा गेला तो 'विज्ञान आलं की भलं होणारच' या कथेला. देरिदा हा दुसरा फ्रेंच तत्त्वज्ञ नंतर वाचायला घ्या. ज्ञान कशाला म्हणायचं हे ठरवतं कोण, हा ल्योतारचा प्रश्न आधी पचवा. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.